चढणीच्या दिवसांत गरी घरात

मला पंचांग लागतं ते सणवारांसाठी कमी आणि भरतीसाठी जास्त. आमच्याकडे खाडीकाठच्या प्रत्येक जुन्या माणसाला एक हिशोब तोंडपाठ असतो, तिथीची पाऊणपट करायची की भरतीची वेळ निघते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती पूर्ण. पौर्णिमेला सव्वाअकरा-साडेअकरा. मोबाईलवर आता अॅप आहेत, मिनिटासकट वेळ सांगतात, मीपण बघते, पण हा हिशोब आधी करते आणि मग अॅप उघडते. शिवाय अॅप सांगतं ती वेळ खाडीच्या तोंडाची, दाभोळची, तिथून वर चिपळूणकडे गोवळकोटपर्यंत पाणी चढायला आणखी वेळ जातो आणि तो किती ते बसूनच कळतं.

ऑफिस सुटतं सव्वासहाला, घरी स्वयंपाक असतो, मुलाचा अभ्यास, सासूबाईंची गोळी, आणि यातून जी संध्याकाळ भरतीला जुळेल ती माझी. आठवड्यातून एखादी जुळते, कधी पंधरा दिवस जुळत नाही. लोक विचारतात एवढा वेळ नुसतं बसून काय मिळतं, बायका जास्त विचारतात, आणि मी खरं उत्तर देते की मासा मिळतो, कधीकधी. बसण्यासाठी बसायचं असतं तर मी देवळात बसले असते. मी मासे धरायला जाते, धरलेला मासा घरी नेते, साफ करते आणि खाते, आणि गरवण्याबद्दल, म्हणजे गरीने मासे धरण्याबद्दल, माझं जे काही मत आहे ते सगळं इथूनच सुरू होतं, पहिल्या पावसात अंडी घालायला वर चढणाऱ्या माशांना हात लावू नये हेही.

शिकले आतेकडून. आमच्या वाडीत बायका ओहोटीला तिसऱ्या आणि कालवं काढायला जायच्या, गरी मात्र पुरुषांकडे, पण आतेचा नवरा मुंबईला गिरणीत आणि तिला ताजा मासा आवडायचा म्हणून तिने स्वतःच तंगूस, म्हणजे गरीचा नायलॉनचा दोरा, आणला, शिसं बांधलं आणि बसली जाऊन. रॉड-रील नव्हतं काही, लाकडाच्या तुकड्यावर गुंडाळलेला तंगूस आणि तर्जनीवर त्याचा ताण. मी आता रॉड वापरते, चांगली वापरते, पण जिवंत कोळंबी लावून कांदळाच्या मुळांजवळ तळाला सोडायची असेल तर अजूनही हातातलाच तंगूस बरा वाटतो कारण शेंगटी कशी ओढते आणि तांबोशी कशी ओढते हे बोटाला वेगवेगळं कळतं. शेंगटी घुटमळत खाते, आमिष चघळल्यासारखं. तांबोशी एकच हिसका देते आणि तडक मुळांच्या जाळीत घुसायला बघते, पहिल्या दोन हातांत तिला वळवली नाही तर तंगूस मुळाला घासून तुटला म्हणून समजा.

वाशिष्ठीचं एक वेगळंच आहे, ते बाहेरच्यांना सांगितलं की पटत नाही. ही कोकणातली नदी, पण उन्हाळ्यात तिच्यात वाहतं ते पाणी घाटावरचं, कोयनेचं. कोयनेचं पाणी बोगद्यातून पोफळीला वीज करून खाली येतं, मग कोळकेवाडीच्या धरणात, तिथे परत वीज होते आणि अवजलाच्या, म्हणजे वीज करून सोडलेल्या पाण्याच्या, कालव्यातून वाशिष्ठीत. १९६० च्या दशकापासून हे चाललंय, आणि राज्यांमध्ये पाणी वाटून देणाऱ्या कृष्णा लवादाने पश्चिमेकडे वळवायला जी मर्यादा घातली ती ६७.५ टीएमसीची. आता कोयनेची वीज मुख्यतः मागणी वाढेल तेव्हा करतात, म्हणजे मुंबई-पुण्यात संध्याकाळी दिवे, पंखे, एसी लागले की वर जनित्रं फिरतात आणि काही तासांनी आमच्या नदीची पातळी वाढते. मे महिन्यात, कडक उन्हात, आकाशात ढगाचं नाव नाही आणि पाणी चढतंय. आमचे म्हातारे म्हणतात पोफळीचं पाणी सुटलं. वरच्या अंगाला गरवणाऱ्याला तिथीबरोबर याचाही अंदाज लागतो, कारण पाणी चढायला लागलं की मासे काठाला येतात आणि ओढ वाढली की दगडाआड जातात. लांब कुठेतरी कुणी बटण दाबतं आणि आमच्याकडे मासा जागा बदलतो, हे मला दर उन्हाळ्यात नव्याने आश्चर्याचं वाटतं.

मगरींचंही सांगायला पाहिजे. वाशिष्ठीत मगरी आहेत, पूर्वीपासून आहेत, जून २०२४ मध्ये भर पावसात एक चिपळूणच्या रस्त्यावरून चालत गेली तो व्हिडिओ सगळ्या देशाने बघितला. आम्ही पाण्यात पाय सोडून बसत नाही, साफ केलेल्या माशाची घाण काठावर टाकत नाही, अंधार पडला की उठतो. मगरींना हलवा अशी मागणी अधूनमधून होते, ती मला पटत नाही. मगर तिच्या पोटासाठी मासा धरते आणि मी माझ्या, तिची जागा आधीपासूनची आहे.

आता खेळाबद्दल. गेल्या काही वर्षांत कोकणात रॉड घेऊन येणारी तरुण मुलं खूप वाढली, मुंबई-पुण्याहून येतात, भारी रील, रंगीत प्लॅस्टिकचे नकली मासे, सगळं. त्यातली बरीच जण मासा धरून फोटो काढून परत सोडतात आणि सोडतो म्हणून आमच्यासारख्या खाणाऱ्यांपेक्षा आपण निसर्गाचे जास्त जवळचे असं त्यांना मनापासून वाटतं. ही मुलं चांगली आहेत, कचरा करत नाहीत, त्यांच्याकडून मी गरीचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाकायला शिकले ज्यामुळे सोडायचा मासा फाटत नाही. पण नुसतं सोडण्यासाठी धरायचं हे मला जमत नाही. त्या माशाला आपण जीव तोडून पळायला लावतो, दमवतो, हवेत काढतो, आणि हे कशासाठी तर आपल्याला मजा आली म्हणून. स्वित्झर्लंडमध्ये याच कारणासाठी सोडून द्यायच्या इराद्याने मासे धरायला बंदी आहे, खायचा असेल तर धर नाहीतर धरू नको असा सरळ विचार. मला तो विचार आमच्या आतेचा वाटतो.

मग मी काहीच सोडत नाही का, तर सोडते, बरेच सोडते, पण त्याचं कारण वेगळं आहे. खाडीत आम्हाला मिळणाऱ्या तांबोश्या बहुतेक पोरंच असतात, त्या कांदळवनात वाढतात आणि मोठ्या झाल्या की खोल समुद्रात खडकांवर जाऊन अंडी घालतात. वीतभर तांबोशी घरी नेली तर तिने आयुष्यात एकदाही अंडी घातलेली नसतात, म्हणून छोटी ती परत. जिताड्याचं तर याच्या उलट. जिताडा आधी नर असतो आणि काही वर्षांनी, चांगला मोठा झाल्यावर, त्याची मादी होते. म्हणजे ज्या धुडाचा फोटो काढून आख्ख्या गावाला दाखवावासा वाटतो ते बहुतेक वेळा मादी असते, आणि ती पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी लाखांनी अंडी घालणार असते. सगळे मोठे जिताडे काढले तर मागे नरच उरतील. त्यामुळे माझ्या घरचा नियम असा की मधला न्यायचा. फार लहान नको, फार मोठा नको, दोन वेळच्या कालवणाला पुरेल एवढा आणि मग गरी गुंडाळायची, मासे कितीही लागत असले तरी. हे शेवटचं सगळ्यात अवघड आहे, भरती जोरात आहे, टाकली की ओढतोय, आणि आपण उठायचं. सोडायचा मासा हात ओले करून धरायचा, वाळूत लोळवायचा नाही, पाण्यातच तोंड धरून जरा स्थिर होऊ द्यायचा, मग तो स्वतःच जातो. मोबाईल खिशात राहू द्यावा.

गावाकडच्या इतर खेळांबद्दल पण माझं असंच मत आहे आणि त्यावरून घरात वाद होतात. माझे दीर बैलगाडा शर्यतीचे भक्त. २०१४ ला सुप्रीम कोर्टाने बंदी घातली तेव्हा ते दोन दिवस नीट जेवले नाहीत, डिसेंबर २०२१ ला परवानगी मिळाली तेव्हा पेढे वाटले, आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने शर्यतींना परवानगी देणारा राज्याचा कायदा कायम ठेवला तेव्हा मला मुद्दाम फोन केला, "वहिनी, झालं ना आता?" मी म्हटलं, "भावोजी, झालं ते कोर्टाचं झालं, बैलाला विचारलं का कुणी?" ते हसले पण मी हसायला सांगितलं नव्हतं. शर्यतीचा बैल घरच्या माणसापेक्षा जास्त लाडात असतो हे मला मान्य आहे, मी डोळ्यांनी बघितलंय, त्याच्या खुराकावर घरं कर्जात गेलेली पण बघितलीत. पण धावायच्या त्या काही सेकंदांत त्याच्या मागे जे आरडाओरडा आणि शेपटी पिरगाळणं चालतं ते कुठल्या लाडात बसतं ते मला अजून कुणी सांगू शकलेलं नाही.

त्यापेक्षा मला आमच्याकडची चिखलातली नांगरणी स्पर्धा आवडते. जुलैत, लावणीच्या दिवसांत, शेतात गुडघाभर पाणी, जोत बांधलेली बैलजोडी आणि मागे चिखलात धावणारा माणूस. तिथेही दमणूक आहे, तिथेही काठी उगारली की मला राग येतो, पण जे काम बैल आणि माणूस मिळून वर्षभर करतात त्याच कामाचा तो खेळ आहे, आणि पडला तर आधी माणूस पडतो. अर्थात बक्षिसाची रक्कम वाढायला लागली, बॅनर लागायला लागले, की तिथेही तेच होणार असं मला वाटतं. खेळात मोठा पैसा आला की जनावराचं ओझं वाढतं, हे मी मासेमारीच्या स्पर्धांमध्येही बघितलंय, सगळ्यात मोठ्या माशाला बक्षीस ठेवलं की कुणाला धरलं जातं ते वर सांगितलंच.

शिकारीचं मी फार बोलत नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याने ती बंद झाली ते बरंच झालं. माझे आजोबा रानडुकराच्या शिकारीला जायचे, हाकारे, रात्रभर जागरण, आणि मटणाचा वाटा अख्ख्या वाडीत घरटी जायचा, विधवा बाईच्या घरी पण न चुकता. शिकार गेली ती जाऊ दे, पण तो वाट्याचा रिवाज जायला नको होता. मी आजही दोन मासे मिळाले तर एक शेजारी देते, शेजारच्या काकींचा मुलगा आखातात आहे आणि त्यांना बाजारातला बर्फाचा मासा चालत नाही.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसले ते. चढणीचे मासे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला, ओढे-पऱ्हे लाल पाण्याने भरून धो-धो वाहायला लागले की नदीतले, डोहातले मासे प्रवाहाच्या उलट वर चढायला लागतात. खवली, शिंगटी, वाम, डाकू, सगळे. पोटं अंड्यांनी टम्म फुगलेली. ते चढतात कारण वर भातशेतात, पाणथळ उथळ जागेत नवीन पाणी साचलेलं असतं, तिथे ऊब असते, पिल्लांना खायला बारीक जीव असतात आणि नदीतले मोठे मासे तिथे पोचत नाहीत. वर्षातून एकदा, काही दिवसांचाच हा प्रवास. मासा दगडावरून उड्या मारतो, पोटावर सरपटतो, आंधळ्यासारखा वर जात राहतो, माणूस शेजारी उभा आहे याची त्याला शुद्ध नसते.

आणि आपण नेमकं तेव्हा कंदील, बॅटऱ्या, कोयत्या, काठ्या, पाग म्हणजे फेकायची जाळी घेऊन पऱ्ह्यावर उभे. माझं लहानपण त्यातच गेलंय, त्या रात्रीची मजा मी नाकारत नाही, पावसाचा आवाज, वडिलांची टॉर्च, घरी आल्यावर चुलीवर गाबोळी. पण तेव्हा वाडीत माणसं किती होती, बॅटऱ्या किती होत्या, आणि जेमतेम एक-दोन रात्री हा प्रकार चालायचा. आता पाऊस पडला की व्हॉट्सअॅपवर मेसेज फिरतो, चार गावची पोरं मोटरसायकली घेऊन येतात, पऱ्ह्याच्या अरुंद तोंडाला आडवं बारीक जाळं लावलं की एकही मासा वर जात नाही. पोती भरतात. तेवढं कुणी खात नाही, मोबाईलवर रील टाकायला भरतात.

समुद्रात १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस यांत्रिक होड्यांना बंदी असते, माशांच्या विणीचा काळ म्हणून. सगळा मच्छीमार समाज, ज्याचं पोटच त्यावर आहे, ते दोन महिने नुकसान सोसून घरी बसतो, जाळी विणतो, नारळी पौर्णिमेची वाट बघतो. आणि ज्यांना नोकरी आहे, शेती आहे, बाजारात चिकन मिळतं ते आपण त्याच दोन महिन्यांत गोड्या पाण्यातली अंड्यावरची मासळी पऱ्ह्यात ठेचतो. मला हे बघवत नाही. कोळ्याने पोटाला चिमटा घ्यायचा आणि हौशी माणसाने हौस करायची, हे उलटं आहे.

विष आणि जिलेटीनच्या स्फोटांबद्दल तर बोलायलाच नको. पूर्वी उन्हाळ्यात डोह आटला की रामेठ्याची साल ठेचून टाकायचे, माशांना गुंगी यायची, तेही वाईटच, पण आता ब्लिचिंग पावडर टाकतात, शॉक लावतात, त्यात बेडूक, खेकडे, पाणकिडे, अंडी, सगळं जातं. पाण्यात विष घालून किंवा स्फोट करून मासे मारणं हा आपल्याकडे १८९७ च्या फिशरीज कायद्यापासून गुन्हा आहे. इतकी वर्षं गुन्हा आहे आणि आमच्या तालुक्यात यासाठी कुणाला शिक्षा झालेली मी तरी ऐकली नाही.

महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड म्हणून डोह आहे, वरदायिनी देवीचा. तिथे महाशीर मासे आहेत, हातभर लांब, लोक कुरमुरे टाकतात आणि ते झुंडीने वर येतात. कुणी धरत नाही, देवीचे मासे आहेत म्हणून. मी पहिल्यांदा गेले तेव्हा कितीतरी वेळ नुसती बघत राहिले, कारण असे मासे आमच्याही नदीत असायचे असं आजोबा सांगायचे. तिथे बोर्ड नाही की गार्ड नाही अशा काळापासून ते मासे टिकलेत, कारण तिथल्या गावांनी एक जागा ठरवली की इथे नाही. मला देवीचा कोप वगैरे फारसा पटत नाही, पण जागा ठरवून सोडायची ही अक्कल मला पटते.

नुसता चांगला हेतू पुरत नाही हेही महाशीरनेच दाखवलंय. लोणावळ्याला टाटांच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून आपल्या दख्खनच्या महाशीरची पिल्लं तयार करतात, मोठं काम आहे, त्या माशाला त्याचा उपयोग झालाच. पण तीच पिल्लं कावेरीतही सोडली गेली, जिथे कुबडाचा महाशीर हा तिथलाच वेगळा मासा होता, जगातल्या सगळ्यात मोठ्या महाशीरपैकी एक. आपला मासा तिथे फोफावला आणि तो कुबडाचा मागे हटत गेला, २०१८ ला कुठे त्याला शास्त्रीय नाव नक्की झालं आणि त्याच वर्षी तो नष्ट होण्याच्या काठावरचा म्हणून नोंदला गेला. म्हणून आता कुणी उत्साहाने म्हणतं ना की आपण नदीत मत्स्यबीज सोडू, फोटो काढू, तेव्हा मी विचारते कुठला मासा, कुठून आणलेला. नदीत तिलापिया आधीच ढिगाने आहे. इथलाच मासा इथे वर चढू दिला तर बीज विकत आणावं लागत नाही.

२२ जुलै २०२१ च्या पुरानंतर चिपळूणमध्ये गाळ काढायची मागणी झाली, उपोषणं झाली, आणि पुढच्या उन्हाळ्यात वाशिष्ठी आणि शिवनदीतून गाळ काढला गेला. आमच्या नातेवाईकांच्या घरात पहिल्या मजल्यापर्यंत पाणी होतं, त्यामुळे गाळ काढू नका असं म्हणायची माझी हिंमत नाही आणि इच्छाही नाही, तो काढायलाच हवा होता. पण जेसीबीने नदीचा तळ सपाट केला की डोह राहत नाही, दगड राहत नाहीत, काठची झाडी जाते, आणि उन्हाळ्यात मासा ज्या खोलीत तग धरतो तीच जाते. नकाशावर डोह दाखवून तेवढे वाचवता येतात. कुठल्या वळणाला किती खोल आहे हे इंजिनियरपेक्षा काठावर बसणाऱ्याला जास्त माहीत असतं, पण आम्हाला विचारायची पद्धत नाही, आणि आम्हीही आपली गुपितं म्हणून जागा कुणाला सांगत नाही. हे आता बदलायला हवं असं मला वाटतं. मी माझ्या जागा सांगायला तयार आहे.

तर गेल्या वर्षी ग्रामसभेत मी उठून बोलले. पहिल्या मोठ्या पावसापासून पंधरा दिवस आमच्या पऱ्ह्यावर जाळं नको, कोयता नको, गरीपण नको, माझीही नको. आधी हशा झाला. मग एका काकांनी विचारलं, "पोरी, आमच्या वाडवडलांनी खाल्ले ते काय पाप केलं?" मी म्हटलं, "नाही काका, त्यांनी पोटापुरते खाल्ले आणि पऱ्ह्या भरलेला होता. आज तुम्हीच सांगा, तुमच्या नातवाने खवली बघितलीय का?" ते गप्प बसले आणि नंतर बाहेर आल्यावर म्हणाले की बघितली नाही. दुसऱ्या एकाने मुद्दा काढला तो मला महत्त्वाचा वाटला, आपण थांबायचं आणि खालच्या वळणावर बाहेरच्यांनी जाळं लावायचं, मग उपयोग काय. त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. रात्री पऱ्ह्यावर पाळीने बसायला दहा-बारा जण लागतील, त्यात बायकांनीही यायला पाहिजे असं मी म्हटलं आणि बचत गटातल्या काही जणी लगेच तयार झाल्या, ते मला अपेक्षित नव्हतं.

यंदापासून आमच्या वाडीपुरतं ठरलंय, ठराव कागदावर आहे. पलीकडची वाडी अजून तयार नाही, तिथल्या पोरांचं म्हणणं की पंधरा दिवस फार होतात, आठ ठेवा. पऱ्ह्या दोन्ही वाड्यांच्या मधून जातो, त्यामुळे एकाच काठाने ठरवून भागत नाही. आठ दिवस ठरले तरी मी घेईन, पहिले आठच महत्त्वाचे असतात. मृगाला अजून वेळ आहे, त्याआधी तिकडच्या बैठकीला जाणार आहे, आणि या वेळी त्या काकांनाच बरोबर नेणार आहे, त्यांची सासुरवाडी तिकडची आहे.